प्रतिसाद: तिकीट आहे, जागा नाही

फ्रँकफर्ट ते बर्लिन रेल्वेने सामानासकट उभ्याने गेलात, आणि वर "तिकीट असूनही?" असा प्रश्न पडला, हे वाचलं. आपण पुणेकर इथेच फसतो. आपल्याकडे आझाद हिंदचं कन्फर्म तिकीट म्हणजे बर्थ ठरलेला. जर्मनीत तिकीट आणि जागेचं आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी, आरक्षणाचे पैसेही साधारणपणे वेगळे. वेटिंग लिस्ट नसते, त्यामुळे शुक्रवारी दुपारी किंवा रविवारी संध्याकाळी दाराजवळ बॅगांवर बसलेली मंडळी दिसतातच. फार गर्दी झाली तर काहींना उतरायला सांगतात, हे मात्र आपल्या पचनी पडायला कठीण.

अजून एक. गाडी सुटल्यावर १५ मिनिटांत आरक्षित जागेवर पोचला नाहीत, तर तुमचा हक्क जातो. याच नियमाचा फायदा उलटही घेता येतो: तेवढा वेळ थांबा, रिकामी राहिलेली जागा पकडा. डब्यांचा क्रम कधीकधी उलटा लागतो, तेव्हा फलाटावर घोषणेकडे कान ठेवा, नाहीतर आख्खी गाडी आतून तुडवत जायची.

भरपाईचं विचारलंत. ती उशिराची मिळते, ६० मिनिटांना २५ टक्के, १२० मिनिटांना ५० टक्के. उभं राहिल्याबद्दल काही नाही. आई-बाबा कोथरूडहून लेकीकडे निघाले असतील, तर आरक्षणात कंजुसी नको. डेक्कन क्वीनच्या पासवाल्यांची सवय असलेल्यांनी स्वतःपुरती करावी हवी तर.