करपलेलं पातेलं, काळवंडलेला कुकर, क्षार धरलेली किटली: कशाला काय लावायचं?

पाटावरवंटा:

पाहुण्यांसाठी मोठा स्वयंपाक झाला की सगळी भांडी एकाच घासणीने निघत नाहीत. सध्या चार भांड्यांचा प्रश्न आहे. शक्यतो प्रमाणासकट सांगा.

१) स्टीलचं मोठं पातेलं, पातळ बुडाचं. तळाशी तळहाताएवढा काळा, कडक थर बसलाय. त्याच्या कडेने निळे-सोनेरी डाग उमटलेत.
२) ॲल्युमिनियमचा प्रेशर कुकर, आतून पाण्याच्या रेषेपर्यंत काळपट. कितीही घासलं तरी जात नाही.
३) विजेवरची किटली. तळाला पांढरा खरखरीत थर आहे आणि पाण्यात त्याचे कपचे येतात.
४) बिडाचा तवा. ओला राहिल्यामुळे नारिंगी गंज चढलाय.

"खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ओता" हा सल्ला जिथेतिथे मिळतो. तो या चारही भांड्यांना चालेल का? आणि मोठ्या पातेल्यात बुडाला लागूच नये म्हणून काय करायचं?

धातुवेडा:

आधी त्या मिश्रणाबद्दल. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना मारतात. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्यात साफ करायची ताकद जवळपास नसते. ५ टक्क्यांच्या १०० मिली व्हिनेगरला साधारण ७ ग्रॅम सोडा पूर्ण निकामी करतो, म्हणजे चहाचा जेमतेम दीड चमचा. फेसाने सैल झालेला कचरा थोडा हलतो, तेवढाच त्याचा उपयोग. म्हणून एका वेळी एकच वापरा. करपलेल्या अन्नाला आणि तेलकट थराला सोडा, पाण्याच्या क्षारांना आणि धातूवरच्या डागांना आम्ल. मात्र हे ठरवताना भांडं कोणत्या धातूचं आहे ते आधी बघायचं, कारण ॲल्युमिनियमला सोडा चालत नाही आणि लोखंडाला आम्ल फार वेळ चालत नाही.

आता पातेलं. गरम असताना त्यात गार पाणी ओतू नका. पातळ बूड वाकतं, आणि एकदा वाकलं की ते शेगडीवर नीट बसत नाही. मग नेहमी त्याच एका जागी करपत राहतं. पातेलं पूर्ण निवू द्या.

करपलेल्या थराच्या वर दोन बोटं येईल एवढं पाणी घाला. लिटरमागे खाण्याचा सोडा २ मोठे चमचे (साधारण ३० ग्रॅम). सोडा गार पाण्यातच विरघळवा, कारण उकळत्या पाण्यात टाकला तर पाणी फसफसून वर येतं. मग उकळी आणून मंद आचेवर १५ मिनिटं ठेवा. बराच वेळ उकळलं की सोड्यातला काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो आणि द्रावण आणखी तीव्र होतं, म्हणून नुसतं भिजवण्यापेक्षा उकळणं जास्त लागू पडतं. शेगडी बंद करून तसंच निवू द्या, जमलं तर रात्रभर. लाकडी उलथन्याच्या सपाट कडेने खरवडलं की थर पापुद्र्यांसारखा सुटतो. जो भाग राहील त्यावर ३ भाग सोडा आणि १ भाग पाणी अशी लुगदी अर्धा तास लावून ठेवा आणि मग घासा. तरीही राहिलं तर पुन्हा उकळा. जोर लावून घासण्यापेक्षा दुसरी उकळी स्वस्त पडते.

लोखंडी तारेची घासणी स्टीलवर वापरू नका. तिचे बारीक कण पृष्ठभागात अडकतात आणि पुढे तेच गंजून तपकिरी ठिपके दिसतात. घासायचं तेही पॉलिशच्या रेषांच्या दिशेने.

काय करपलंय यावरही थोडं अवलंबून असतं. साखर करपली असेल तर सोडाही नको, नुसतं पाणी उकळलं तरी बहुतेक विरघळते. दूध, अंडं किंवा पीठ लागलं असेल तर आधी गार पाणी, कारण गरम पाण्याने ते आणखी घट्ट चिकटतं.

निळे-सोनेरी डाग म्हणजे स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर उष्णतेने जाड झालेला असतो. अपाय काही नाही. कापडावर चमचाभर व्हिनेगर घेऊन पुसा, लगेच धुवा. पांढरे ठिपकेही याच उपायाने जातात. पण सोड्याचं काम पूर्ण झाल्यावर, पातेलं स्वच्छ धुऊन.

चुलीपुढे:

कुकर आणि किटलीचं मी लिहिते.

कुकरचा काळेपणा करपण्याचा नसतो. पाण्यातली अल्कली आणि क्षार ॲल्युमिनियमवर बसून तो थर तयार होतो. त्यात सोडा घातला तर आणखी काळा पडेल. धुण्याचा सोडा तर ॲल्युमिनियमला सरळ खातो, भांड्यावर बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे. भांडी धुण्याच्या यंत्रात ॲल्युमिनियम काळवंडतं तेही याच कारणाने, त्यातली पावडर अल्कली असते.

कुकरची रिंग आणि शिट्टी काढून बाजूला ठेवा. काळ्या रेषेच्या किंचित वर पाणी भरा, लिटरमागे १ मोठा चमचा (साधारण १५ ग्रॅम) लिंबूसत्व किंवा दोन लिंबांचा रस घाला आणि झाकण न लावता १० ते १५ मिनिटं उकळा. झाकण बंद करून दाबाखाली हे कधीही करायचं नाही. आच बंद केल्यावर मऊ घासणी फिरवली की राखाडी-रुपेरी रंग येतो. आरशासारखी चकाकी येणार नाही, तिची अपेक्षा ठेवू नका. आणखी तासभर उकळूनही फायदा नाही, कारण आम्लही हळूहळू धातू खातंच. पुढच्या वेळी डब्यांच्या खाली जे पाणी घालतो त्यात लिंबाची एक फोड टाकली की काळं पडणं बरंच कमी होतं. पिळून झालेली सालही चालते.

किटली: अर्धा लिटर गार पाणी, १ मोठा चमचा लिंबूसत्व. गार पाण्यातच घाला. उकळत्या पाण्यात टाकलं तर क्षारांबरोबर एकदम फेस येऊन बाहेर उसळतं. किटली अर्ध्याच्या वर भरू नका. एकदा उकळी आली की बंद करा आणि २० ते ३० मिनिटं निवू द्या. पुन्हा पुन्हा उकळत ठेवू नका, कारण कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं, मग आधीच्या थराऐवजी नवी पांढरी भुकटी तळाशी बसते. ओतून द्या, धुवा, साधं पाणी एकदा उकळून टाकून द्या. तोटीजवळची जाळी निघत असेल तर ती वाटीत याच पाण्यात बुडवा. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊनही होतं, पण वास जायला दोन-तीन उकळ्या लागतात, म्हणून मला लिंबूसत्वच पसंत आहे.

पाटावरवंटा:

खूप उपयोगी. एक शंका: कुकर हार्ड ॲनोडाइज्ड असेल तर? आणि पातेल्याच्या बाहेरून तेलाचा तपकिरी थर आहे, तो खाण्याच्या सोड्याने अजिबात हलत नाही.

धातुवेडा:

हार्ड ॲनोडाइज्डचा वरचा थरही ॲल्युमिनियम ऑक्साइडचाच असतो. तो जाड आणि कठीण असतो, पण तीव्र अल्कली त्यालाही विरघळवते. त्यामुळे धुण्याचा सोडा नको, यंत्रात धुणं नको, ब्लीचही नको. पांढरे क्षार आले तर पातळ व्हिनेगर, नाहीतर नुसता साबण आणि मऊ घासणी.

बाहेरचा तपकिरी थर म्हणजे वारंवार तापून घट्ट झालेलं तेल. ते आता तेल राहिलेलं नसतं, रंगासारखं वाळलेलं असतं. त्याला धुण्याचा सोडा हवा: हातमोजे घालून, लिटरभर गरम पाण्यात २ मोठे चमचे, पातेलं मोठ्या प्लॅस्टिकच्या टपात अर्धा ते एक तास. त्याआधी पातेलं उलटं करून बूड बघा. बऱ्याच पातेल्यांना खाली ॲल्युमिनियमची चकती असते. ती स्टीलने झाकलेली नसेल, कडेने मऊ राखाडी धातू दिसत असेल, तर हा उपाय करू नका, चकती काळी पडून खड्डे पडतात. तशा भांड्याला चकती सोडून बाकी भागावर खाण्याच्या सोड्याची लुगदी आणि चिकाटी, एवढंच.

बिडाचातवा:

चौथा प्रश्न माझ्या आवडीचा. बीड गंजलं म्हणून टाकू नका. मोडलं किंवा तडकलं नसेल तर ते परत वापरात येतं.

इथे मात्र तारेची घासणीच हवी. थोडा साबण घेऊन राखाडी लोखंड दिसेपर्यंत घासा. गंज खोल असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन तवा बुडवा, पण दर १५ मिनिटांनी काढून बघा आणि तासाच्या वर ठेवू नका. गंज संपला की आम्ल लोखंडच खायला लागतं आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. बाहेर काढून साबणाने धुवा आणि लगेच मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा. कापडाने पुसून "वाळला" म्हणून ठेवला तर डोळ्यांदेखत पुन्हा नारिंगी होतो.

कोमट तव्यावर अर्धा चहाचा चमचा तेल, सूर्यफूल किंवा सोयाबीन. आतून, बाहेरून, मुठीला लावा. मग कोरड्या कापडाने जणू चुकून लागलं होतं असं समजून सगळं पुसून काढा. बहुतेकांचं इथे बिघडतं. तेल जास्त राहिलं की ते कडक न होता चिकट डाग पडतात. ओव्हन असेल तर २३० अंश सेल्सिअसला तवा उलटा ठेवून एक तास, आणि आतच निवू द्या. शेगडीवर करायचं तर मध्यम आचेवर हलका धूर येईपर्यंत, धूर थांबला की बंद, खिडकी उघडी. असे तीन थर तरी द्या. तवा चिकट लागला तर तेल वाढवू नका, तसाच पुन्हा तापवा.

नंतर रोज सौम्य साबणाने धुतला तर हा थर जात नाही. तो घट्ट झालेल्या तेलाचा आहे, नुसत्या तेलाचा नाही. जातो तो धुण्याच्या सोड्याने, रात्रभर भिजत ठेवल्याने आणि सुरुवातीच्या दिवसांत आंबट पदार्थ शिजवल्याने.

शेगडीशेजारी:

बुडाला लागू नये म्हणून काय, याचं उत्तर राहिलंय. स्टील उष्णता फार वाईट वाहून नेतं, ॲल्युमिनियम त्याच्या दहापटीहून जास्त चांगलं. त्यामुळे पातळ बुडाच्या पातेल्यात ज्योतीच्या बरोबर वरचा भाग प्रचंड तापतो आणि दोन इंचांवरचा कोमट राहतो. जाड रस्सा स्वतःहून फिरत नाही, पिष्ट खाली बसतं, आणि तिथेच करपतं. पातेल्याखाली जाड लोखंडी तवा ठेवा. वेळ थोडा जास्त लागतो, पण धग पसरते. उकळी येईपर्यंतच मोठी आच, नंतर एकदम कमी. ढवळायला गोल डाव घेऊ नका, तो बुडाला एका रेषेतच लागतो. सपाट कडेचं लाकडी उलथनं बुडावरून सरकवत न्या, कोपऱ्यांसकट. शेवटी घट्टपणा आणणारी वस्तू शेवटच्या १० मिनिटांतच घाला. जेवणाआधी परत गरम करताना सगळं एकदम चढवू नका, पाहुणे बसतील तसं लहान पातेल्यात काढून गरम करा. घट्ट झालं असेल तर आधी गरम पाणी घालून सैल करा, मग आच.

आणि तरीही वास आलाच, तर पहिली गोष्ट म्हणजे ढवळू नका. करपलेलं खालीच राहू द्या. आच बंद, झाकण उघडं (झाकलं की वास वाफेबरोबर परत अन्नात उतरतो), आणि वरचं सगळं हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता. बुडाचा बोटभर थर सोडून द्या, तो वाचवायला जाऊ नका. स्वच्छ चमच्याने चव बघा. ओतलेल्यात वास नसेल तर तेच वाढा. वास उतरला असेल तर बटाटा, पाव वगैरे टाकून तो शोषला जात नाही, मसाल्याने फार तर झाकता येतो.

चुलीपुढे:

एक महत्त्वाचं राहिलं. यापैकी काहीही करताना जवळपास ब्लीच वापरू नका. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्व एकत्र आलं की क्लोरिन वायू निघतो, लहान स्वयंपाकघरात तो खरोखर धोकादायक आहे. सिंकमध्ये ब्लीच घातलेलं असेल तर आधी भरपूर पाणी सोडा, मगच किटलीचं आम्लाचं पाणी तिथे ओता. स्टीलच्या भांड्यांवर तर ब्लीच तसंही नको, त्याने बारीक खड्डे पडतात. मिठानेही पडतात, म्हणून मीठ गार पाण्यात टाकून तळाशी बसू देऊ नका, पाणी उकळल्यावर घाला आणि ढवळा.

पाटावरवंटा:

कुकरची रिंगही त्याच लिंबाच्या पाण्यात उकळली तर चालेल का? तिला वास राहिलाय.

चुलीपुढे:

उकळू नका. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून तासभर भिजवा, धुवा, आणि उघड्यावर पूर्ण वाळवा. बंद कुकरमध्ये ओली ठेवल्यानेच वास बसतो, म्हणून ठेवताना झाकण उलटं ठेवा. रिंग कडक झाली असेल, ताणल्यावर बारीक चिरा दिसत असतील किंवा कडेने वाफ सुटत असेल तर साफ करण्यात वेळ घालवू नका, त्याच मापाची नवी घाला. शिट्टीच्या बुडाचं छिद्र आणि झाकणातली नळी सुईने किंवा बारीक तारेने मोकळी करून उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसलं पाहिजे.