दहावीनंतर वर्षभर अमेरिकेच्या शाळेत: लसी, कागद अन् पहिला आठवडा

पांढरी_माती
आर्वी तालुका. भाची १६ वर्षांची, दहावी झाली. एक्सचेंजमध्ये (विद्यार्थी अदलाबदलीच्या कार्यक्रमात) निवड झाली, ऑगस्टात वर्षभरासाठी अमेरिकेतल्या सरकारी शाळेत जाते. तिकडून लसींची यादी आली, त्यातलं अर्धं आपल्या उपकेंद्राच्या कार्डावर नाहीच. अकरावीचं काय करावं? अन् पहिल्या आठवड्यात पोरं कुठं अडकतात?

सुई_धागा
पहिले लसी, कारण वेळ त्यालाच लागते. आपल्या सरकारी कार्यक्रमात एमआर देतात, म्हणजे गोवर अन् रुबेला. तिकडं मागतात एमएमआर. त्यातला गालगुंडाचा भाग आपल्या कार्डावर नसते. कांजण्याची लस सरकारी यादीत नाही. दहाव्या अन् सोळाव्या वर्षी आपल्याकडे टीडी (धनुर्वात अन् घटसर्प) टोचतात; शाळेला बहुतेक टीडॅप पाहिजे राहते, त्यात डांग्या खोकलाही येते. नेमकं काय सक्तीचं ते तिथलं राज्य ठरवते, म्हणून आलेली यादीच पुढं ठेवा.

एमएमआर अन् कांजण्या, दोन्हींचे दोन-दोन डोस, मध्ये किमान २८ दिवस. दोन्ही लसी एकाच दिवशी घेता येतात. तसं जमलं नाही तर मंग त्या दोघींतही २८ दिवस सोडावे लागतात, अन् इथंच जुलै संपून जाते. वर्धा-नागपूरच्या बालरोगतज्ज्ञाला आधी फोन करून लस आहे का विचारा, मगच एसटी धरा.

टीबीची तपासणी मागितली तर कातडीवरच्या टेस्टऐवजी रक्ताची इग्रा चालते का ते विचारा. लहानपणी टोचलेल्या टीबीच्या बीसीजी लसीमुळे कातडीवरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, इग्रावर त्याचा परिणाम होत नाही. दोन्हीपैकी काहीही असो, एमएमआरच्या दिवशीच करा नाही तर चार आठवड्यांनी.

आणखी एक. कार्डावर तारीख नुसत्या आकड्यांत नको. ५/८ म्हणजे आपला ५ ऑगस्ट, त्यांचा ८ मे. अंतर चुकलं असं तिथल्या नर्सला वाटलं की पोरीला परत सुई! डॉक्टरकडून महिन्याचं नाव इंग्रजीत अक्षरी लिहून घ्या, सही-शिक्क्यासकट.

आर्वी_गुरुजी
तिकडचं वर्ष इथं अकरावी म्हणून धरतील, या भरवशावर राहू नका. ते वर्ष गॅप, म्हणजे शिक्षणातला खंड, समजायचं. तिकडची शाळा मे-जूनमध्ये सुटते, आल्यावर अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा अन् गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. त्यासाठी दहावीची मूळ गुणपत्रिका अन् शाळा सोडल्याचा दाखला घरीच राहू द्या, सोबत प्रती द्या. मराठीतल्या निकालपत्रांचं इंग्रजी भाषांतर करून शिक्का घ्या. तिथून निघण्याआधी तिनं शाळेच्या ऑफिसातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचा अधिकृत कागद, हाती घ्यावं. सुट्ट्या लागल्यावर तिथं फोन उचलायलाही कोणी राहत नाही.

डीएस-२०१९ हा एक्सचेंजवाल्यांनी व्हिसासाठी दिलेला कागद हातातल्या बॅगेत ठेवा. इमिग्रेशनवाला पासपोर्टसोबत तोच मागते, अन् मोठी बॅग तेव्हा हाती आलेली नसते. कुरडया-सांडगे देणारच असाल तर खाण्याचं सामान आहे असं कस्टमला सांगायचं. सांगितलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड होऊ शकते.

तिसरी_घंटा
पोरं अडकतात ते गणितात नाही, लॉकरच्या कुलपात. किल्ली नसते, एक गोल चकती अन् तीन आकडे. चकती उजवीकडे (घड्याळाच्या काट्यासारखी) तीन पूर्ण फेरे फिरवून पहिल्या आकड्यावर थांबायचं. मग डावीकडे फिरवायचं, अन् दुसरा आकडा पहिल्यांदा आला की तिथं थांबायचं नाही. एक फेरा पूर्ण करून दुसऱ्यांदा आला की थांबायचं. मग उजवीकडे सरळ तिसऱ्या आकड्यावर, अन् ओढायचं. बहुतेक पोरं दुसऱ्या आकड्यालाच चुकतात. थोडं पुढं गेलं तर मागं आणून भागत नाही, पहिल्यापासून. दोन तासांच्या मध्ये मिळतात चार-पाच मिनिटं, अन् वर्ग बदलायचा विद्यार्थ्यानं, शिक्षकानं नाही.

वार्षिक परीक्षेत भरून काढू, ही सवय तिथं बुडवते. गृहपाठ अन् छोट्या चाचण्या रोजच्या रोज मार्कांत धरतात. चार कामांत ९०-९० अन् एक दिलंच नाही, तर सरासरी ७२. म्हणून अर्धवट झालं तरी द्यावं. तासाला बाहेर जायचं तर पास घ्यावा लागते. शिक्षकांना नुसतं 'सर' नको, मिस्टर किंवा मिस अन् आडनाव.

शाकाहारी असेल तर कँटीनमध्ये तोंडानं विचारावं: पेपरोनी म्हणजे मांस, अन् शिजवलेल्या बीन्समध्येही कधी डुकराची चरबी राहते.

पांढरी_माती
ते कुलूप आर्वीत कुठं भेटते? बॅगेचं नंबरवालं चालेल का सरावाले?

तिसरी_घंटा
नाही चालत भाऊ, ते चाकांचं असते. कुकरच्या झाकणाएवढा पुठ्ठा गोल कापा, कडेनं ० ते ३९ आकडे लिहा, मधात टाचणी टोचून पाटावर बसवा अन् वरती एक खूण करा. उजवी-डावी-उजवी हाताला बसेपर्यंत फिरवू द्या.