चार जणांच्या प्रभागात एका मताने खरंच काही फरक पडतो का?

सातपूर_कॉलनी:
मतदानाला जावं की नाही, यावर घरात रोज वाद आहे. माझं म्हणणं सरळ आहे. २०२४ ला नाशिक लोकसभेचा निकाल १,६२,००१ मतांच्या फरकाने लागला. तिथे माझं एक मत असलं काय, नसलं काय. महापालिकेत एका प्रभागात चार जण, चौघांची नावंही धड माहीत नसतात. शिवाय मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, तरी पाणी येत होतं आणि घंटागाडीही फिरत होती. कुणालाच नको म्हणून नोटा दाबलं तर काही होतं का? घरपट्टीवर तरी नगरसेवकाचा काही ताबा असतो का? 'पवित्र कर्तव्य' शाळेत ऐकून झालंय, आकडे आणि नियम सांगा.

गोदाकाठ:
लोकसभेच्या फरकावरून प्रभागाचा हिशेब करू नका. नाशिक लोकसभेला वीस लाखांवर मतदार. महापालिकेत १२२ जागा आणि ३१ प्रभाग, त्यातले २९ चार जणांचे आणि २ तीन जणांचे. २०११ च्या जनगणनेची १४.८६ लाख लोकसंख्या ३१ ने भागा, एका प्रभागात सरासरी ४८ हजार माणसं येतात. त्यातून लहान मुलं वगळा, यादीत नसलेले वगळा, घरी बसलेले वगळा. जे उरतात ते चार वेगवेगळ्या लढतींत वाटले जातात, एकेका जागेला पाच-सात उमेदवार. तिथे शे-दोनशेचा फरक म्हणजे एखाद्या मोठ्या सोसायटीचे दोन विंग.

आपल्याच जिल्ह्यात बघा. २०२४ च्या विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १,०९,६५३ विरुद्ध १,०९,४९१ असा लागला, फरक १६२. त्याच वर्षी धुळे लोकसभेत विजयी उमेदवार सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत मागे होत्या. एकट्या मालेगाव मध्यच्या आघाडीवर त्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. मुंबईत २०१७ ला प्रभाग २२० मध्ये दोघांना समान मतं पडली, फेरमोजणीनंतरही तिढा सुटेना, शेवटी चिठ्ठी काढली.

तरीही खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी एका मताने निकाल उलटत नाही. उपयोग दुसरीकडे आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. विधानसभा-लोकसभेनंतर फॉर्म २० जाहीर होतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे असतात. महापालिकेला मोजणीच्या टेबलासमोर बसलेले प्रतिनिधी यंत्रागणिक आकडे लिहून घेतात. तुम्ही कुणाला मत दिलं ते कळत नाही, पण तुमच्या हजार-बाराशे मतदारांच्या बूथवर किती जण आले आणि कौल कुठे गेला, हे प्रत्येक पक्षाच्या वहीत असतं. पुढच्या वेळी ड्रेनेजची लाइन आधी कोणत्या गल्लीत, हे ठरताना ती वही उघडली जाते. ३५ टक्के मतदानाच्या सोसायटीची तक्रार आणि ७० टक्केवाल्या वस्तीची तक्रार सारख्याच कानांनी ऐकली जाते, असं मी तरी मानत नाही.

पंचवटी_बूथ:
चार जणांच्या प्रभागात मत नेमकं कसं वाया जातं ते सांगतो. जागा अ, ब, क, ड. प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा, आणि प्रत्येक जागेला एकच मत. चारही मतं अ मधल्या लाडक्या उमेदवाराला देता येत नाहीत, दर निवडणुकीला कुणीतरी तसा प्रयत्न करतंच. एक बटण दाबून निघाल्यास मतदान पूर्ण होत नाही. चारही जागांचं मत नोंदलं की मगच शेवटचा लांब बीप. एखाद्या जागेला कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचं नोटा दाबा आणि पुढे सरका. इथे व्हीव्हीपॅट नसतं, त्यामुळे चिठ्ठी सात सेकंद दिसण्याची वाट बघू नका.

पक्ष पॅनल म्हणून प्रचार करतात, म्हणजे एक चिन्ह चार वेळा दाबा. तसं करायचं बंधन नाही. दोन जागा एका पक्षाला, दोन दुसऱ्याला, पूर्ण वैध. चौघांतला एखादा कच्चा उमेदवार पॅनलच्या लाटेवर निवडून येतो तो क्रॉस व्होटिंग न झाल्यामुळेच. तुमच्या 'एका मताची' किंमत सगळ्यात जास्त इथे आहे.

आणि चिन्हाबरोबर नावही वाचा. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत तुतारी या चिन्हावर उभ्या असलेल्या अपक्षाला लाखावर मतं पडली, कारण 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह दुसऱ्याच उमेदवाराचं होतं. दिंडोरीत त्याने निकाल बदलला नाही. साताऱ्यात मात्र फरक ३२,७७१ होता आणि नुसत्या तुतारीला ३७ हजारांवर मतं गेली.

सिडको_स्टेट_बँक_चौक:
नोटाबद्दल. लोकसभा-विधानसभेला नोटा फक्त मोजतात. लातूर ग्रामीणला २०१९ मध्ये नोटा २७,५०० मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होतं, निकालावर शून्य परिणाम. अनामत वाचवायला एक षष्ठांश वैध मतं लागतात, त्यातही नोटा धरत नाहीत. महापालिकेला वेगळं आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा. दुसऱ्यांदाही नोटाच पुढे राहिलं, तर उमेदवारांत ज्याला जास्त मतं तो विजयी.

बहिष्काराला तर अर्थच नाही. किमान इतके टक्के मतदान झालंच पाहिजे अशी अट कायद्यात नाही. दहा टक्के आले तरी निकाल लागतो.

घरपट्टी_वाचक:
घरपट्टीचं बिल दोन गोष्टींवर बनतं, करयोग्य मूल्य आणि कराचा दर. दर महासभा ठरवते, म्हणजे तुमचे नगरसेवक. मूल्य ठरवायचा अधिकार आयुक्तांचा. नाशिकमध्ये २०१८ ला वाद पेटला तो याच फटीत. आयुक्तांनी नव्या मिळकतींचं आणि मोकळ्या भूखंडांचं मूल्य वाढवलं, महासभेने कडाडून विरोध केला. म्हणून प्रचाराला येऊन 'घरपट्टी माफ करू' म्हणणाऱ्याला विचारा, दर कमी करणार की मूल्य? बहुतेकांची तिथेच दांडी उडते.

आता नगरसेवक नसताना नेमलेल्या प्रशासकाच्या काळाबद्दल. शहर चाललं हे खरं, पण त्या काळात महासभा आणि स्थायी समिती दोन्हींचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे होते. ठेका मंजूर करणारा आणि त्यावर प्रश्न विचारणारा एकच. स्थायीत १६ सदस्य असतात. ते भांडतात, अडवतात, कधी मिळून खातातही, पण विषयपत्रिका छापली जाते आणि पत्रकारांच्या हातात पडते. प्रशासकाच्या सहीला तेवढाही आवाज नसतो.

सातपूर_कॉलनी:
हे पटण्यासारखं आहे. अडचण अशी की माझं नाव अजून पंचवटीतल्या जुन्या पत्त्यावर आहे. ओळखपत्र आहे, तेवढ्यावर सातपूरला मत देता येईल?

पंचवटी_बूथ:
नाही. ओळखपत्राने फक्त तुम्ही कोण ते सिद्ध होतं, मत यादीतल्या नावावर मिळतं. तुमचं नाव नाशिक पूर्व विधानसभेत आहे, सातपूर नाशिक पश्चिममध्ये येतं. फॉर्म ८ भरा, पत्ता बदलाचा पर्याय निवडा. फॉर्म ६ नव्याने भरू नका, त्यात 'माझं नाव इतरत्र नाही' अशी घोषणा असते आणि खोटी घोषणा हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. दुबार नावंही अशीच तयार होतात. मागच्या निवडणुकीत संशयित दुबार नावांपुढे यादीत दोन तारे छापले होते, केंद्रावर त्यांच्याकडून हमीपत्र घेत होते.

पत्त्याला वीज, पाणी किंवा गॅसचं बिल लावणार असाल तर ते कनेक्शन किमान वर्षभर जुनं हवं. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत करार लावा, साध्या नोटरीवर अर्ज अडकतो. अर्ज केला की बीएलओ, म्हणजे बूथचा यादी बघणारा कर्मचारी, घरी पडताळणीला येतो, तेव्हा घराला कुलूप असलं तर प्रकरण लांबतं.

वेळेचं जास्त महत्त्वाचं. महापालिकेसाठी वेगळी नोंदणी होत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला गोठवून प्रभागवार फोडतात. २०२६ च्या मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी वापरली होती, त्यानंतर नोंद झालेल्यांना मत नव्हतं. प्रारूप प्रभाग यादी आली की विधानसभेच्या यादीतलं नाव भलत्याच प्रभागात पडलंय का, एवढ्यावरच हरकत घेता येते. तिथे नवीन नाव घालून मिळत नाही.

गोदाकाठ:
एक जोड. केंद्रावर गेल्यावर तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेलं आढळलं तर तसेच परतू नका. ओळख पटवून 'प्रदत्त मत' मागा. छापील मतपत्रिकेवर ते द्यायचं, लिफाफ्यात बंद होतं. मोजणीच्या दिवशी ते धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला आणि फरक थोडा असला तर तो लिफाफा उघडायला लावता येतो.

सातपूर_कॉलनी:
फॉर्म ८ आज रात्रीच भरतो. वीजबिल आठ महिन्यांचं आहे, म्हणजे करारच लावावा लागणार.

पंचवटी_बूथ:
करारावर तुमचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच आहे ना, ते आधी बघा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल तर त्याच फॉर्म ८ वर दुरुस्तीचा वेगळा अर्ज करावा लागेल.