मदत हवी आहे : फिजिसिस्टचे काम बाकी म्हणून वडिलांचे रेडिएशन अडले आहे

वारणाकाठ
मंडळी, तातडीने सल्ला हवा आहे. वडिलांना मिरजेतील एका रुग्णालयात रेडिएशन द्यायचे ठरले आहे. सीटी झाला, डोके हलू नये म्हणून तोंडावर बसवायचा जाळीचा मास्क तयार झाला, सरकारी आरोग्य योजनेची मंजुरीही आली आणि आता रोज एकच उत्तर मिळते, की फिजिसिस्टचे, म्हणजे किरणांचा हिशेब करणाऱ्या तज्ज्ञाचे, काम व्हायचे आहे. डॉक्टरांनी डोस लिहून दिलेला आहे, मशीन सुरू आहे, आमच्या डोळ्यांदेखत इतर रुग्ण आत जाऊन दहा-पंधरा मिनिटांत बाहेर येतात. मग जो गृहस्थ डॉक्टरच नाही, त्याच्यासाठी आमचा उपचार का थांबावा? कोल्हापूरला किंवा पुण्याला हलवावे का? कृपया लवकर कळवा.

सदानंद तासगावकर
आपण घाईत आहात हे समजते, परंतु कॅन्सर कोणता, शस्त्रक्रिया झाली आहे का आणि झाली असल्यास केव्हा, बैठका किती सांगितल्या, मशीन जुन्या पद्धतीचे कोबाल्टचे आहे की विजेवर किरण निर्माण करणारे लिनॅक, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. मास्कवरून तोंडाचा किंवा घशाचा असावा असा अंदाज बांधता येतो, पण अंदाजावर सल्ला कसा द्यायचा?

अजिंक्यतारा
हलवाच, आणि थेट मुंबईला टाटामध्ये न्या. माझ्या मेहुण्यांना कंबरेच्या हाडात दुखत होते, तेव्हा कोबाल्टवर दुसऱ्याच दिवशी शेक, म्हणजे रेडिएशन, दिला होता. त्या वेळी फिजिसिस्ट वगैरे कोणी मध्ये आल्याचे मला तरी आठवत नाही.

सदानंद तासगावकर
अजिंक्यतारा, टाटाची रांग आपण पाहिलेली दिसत नाही. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे तिथे राहायचे म्हणजे सोबतच्या माणसाची नोकरी आणि खोलीचे भाडे यांचाही हिशेब मांडावा लागतो. सल्ला देणे फुकट असते.

वारणाकाठ
गालाचा कॅन्सर. ऑपरेशन होऊन महिना उलटला. मशीन लिनॅक आहे, तीस बैठका सांगितल्या आहेत. मूळ प्रश्न तसाच आहे.

आयन चेंबर
मी मूळचा सांगलीचा असून बरीच वर्षे मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम करतो, त्यामुळे हे आमच्या बाजूने सांगतो.

डॉक्टर लिहून देतात तो आकडा असतो. शस्त्रक्रियेनंतर तीस बैठका म्हणजे बहुधा 60 ग्रे (ग्रे हे डोस मोजण्याचे एकक), रोज 2 ग्रे. तो डोस गालाच्या आणि मानेच्या नेमक्या भागात पोचला पाहिजे आणि त्याच वेळी मज्जारज्जूला साधारण 45 ग्रेपेक्षा अधिक जाता कामा नये. वाचवता येणाऱ्या बाजूच्या लाळग्रंथीला सरासरी 26 ग्रेच्या आत ठेवता आले, तर पुढे तोंड कायमचे कोरडे पडण्याचा धोका कमी होतो. डॉक्टर सीटीच्या एकेका कापावर या सीमा आखतात. त्यानंतर किरण कोणत्या कोनांतून सोडायचे आणि मशीनच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या कोणत्या क्षणी किती सरकवायच्या, हे संगणकावर बसवण्याचे काम फिजिसिस्टचे असते, आणि एकाला वाचवताना दुसऱ्याचा डोस वाढतो म्हणून ते पुन्हा पुन्हा करावे लागते.

असा बसवलेला प्लॅन पडद्यावर उत्तम दिसला म्हणून लगेच रुग्णावर वापरत नाहीत. संध्याकाळी रुग्ण संपले की टेबलावर रुग्णाऐवजी मोजणीचे उपकरण ठेवून तोच प्लॅन चालवून पाहतात आणि मोजलेला डोस व हिशेबातला डोस बिंदूबिंदूने ताडतात. सर्वसाधारणपणे 95 टक्के बिंदू तीन टक्के आणि दोन-तीन मिलिमीटरच्या मर्यादेत जुळले पाहिजेत. न जुळल्यास कारण शोधावे लागते आणि तो दिवस तिथेच जातो.

आपल्या भागातले एक उदाहरण देतो, कारण ते मला फार आवडते. मशीनचा डोस मोजणाऱ्या चेंबरमध्ये बाहेरचीच हवा असते. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच असल्याने इथली हवा विरळ आहे आणि चेंबर मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के कमी दाखवते. म्हणून मोजणी करताना फिजिसिस्टच्या शेजारी थर्मामीटर आणि बॅरोमीटर असतात. तापमान आणि दाब पाहून आकड्यात करायची दुरुस्ती राहिली, तर मशीन डोस कमी देत आहे असे समजून कोणीतरी तो वाढवून ठेवील, आणि रुग्णाला मिळणारा डोस ठरलेल्या डोसच्या पाच टक्क्यांच्या आत असावा ही अपेक्षा एका दिवसात मोडेल. रुग्णाला यातले काहीच जाणवत नाही.

अजिंक्यतारा, आपल्या मेहुण्यांना बहुधा वेदना कमी करण्यासाठी साधा शेक दिला असावा. तिथे सोपा हिशेब पुरतो, पण तोही फिजिसिस्टच करतो. तो आपल्याला दिसला नाही इतकेच.

अजिंक्यतारा
मान्य, परंतु आपण आपल्याच व्यवसायाची बाजू घेत आहात. सामान्य माणसाने किती थांबायचे याला काही मर्यादा असावी की नाही?

आयन चेंबर
असावी आणि आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर शक्यतो सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावे असा संकेत आहे. म्हणून वारणाकाठ यांनी "काम बाकी आहे" या उत्तरावर समाधान मानू नये. नेमके काय बाकी आहे, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. सीटी होऊन किती दिवस झाले?

वारणाकाठ
पहिला की दुसरा? वडील पातळ पदार्थांवरच आहेत, वजन उतरले आणि मास्क सैल झाला, म्हणून या आठवड्यात नवा मास्क करून पुन्हा सीटी काढला.

सदानंद तासगावकर
अहो, हेच तर पहिल्या ओळीत हवे होते!

मंगलाताई विटा
शेक सुरू झाल्यावर नातवंडांना आजोबांच्या खोलीत जाऊ देऊ नका, अंगातून किरण बाहेर पडतात असे ऐकले आहे. दुसरे असे, की माझी मुलगी भौतिकशास्त्रात बीएस्सी करते. तिला हे फिजिसिस्टचे काम मिळेल का?

आयन चेंबर
ताई, मशीनमधून बाहेरून दिलेले किरण शरीरात साठत नाहीत. मशीन बंद झाले की ते संपतात, त्यामुळे नातवंडांनी खुशाल आजोबांच्या मांडीवर बसावे. मुलीला एमएस्सीनंतर मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम करता येईल. अधिक माहितीसाठी वेगळा धागा काढावा.

वारणाकाठ, उत्तर आपणच दिलेत. मास्क बदलला म्हणजे आधीचा प्लॅन रद्द झाला. डॉक्टरांनी सीमा पुन्हा आखायच्या, फिजिसिस्टने प्लॅन पुन्हा बसवायचा आणि पुन्हा तपासायचा. सैल मास्कमध्ये डोके काही मिलिमीटर जरी हलले, तरी लाळग्रंथीसाठीची सगळी मेहनत वाया जाते. आता रुग्णालय बदलले, तर प्लॅन सोबत नेता येत नाही, कारण तो त्याच मशीनच्या मोजमापांवर बसवलेला असतो. मास्क, सीटी आणि योजनेची मंजुरी सगळे नव्याने करावे लागेल. उद्या रेडिएशनच्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेची तारीख दाखवून सुरुवातीची तारीख मागा आणि फिजिसिस्टला पाच मिनिटे भेटू द्या असे सांगा.

वारणाकाठ
भेटून आलो. तरुण मुलगी आहे. तिने संगणकावर वडिलांच्या मानेचा आडवा काप दाखवला आणि उजवी लाळग्रंथी वाचते, डावी वाचवणे शक्य नाही, हे स्पष्ट सांगितले. तिथे एकच मशीन असल्याने तपासणी रात्री आठनंतर होते. सोमवारी सुरुवात आहे, म्हणजे सहा आठवड्यांच्या आतच. आम्ही इथेच थांबत आहोत. वजनाचे काय करावे?

आयन चेंबर
ते डॉक्टरांना आजच विचारा, कारण तोंड सोलवटल्यावर खाणे आणखी कमी होते. गरज असल्यास नाकातून नळी घालायची की नाही, हे आधीच ठरलेले बरे. दर आठवड्याला वजन करा आणि मास्क ढिला वाटला तर तंत्रज्ञाला त्याच दिवशी सांगा. दाढी मास्क करताना जितकी होती तितकीच राहू द्या.