होळीनंतर गोचिडी वाढल्या आहेत; औषध नेमके कोठे आणि कसे फवारावे?

प्रश्न (हिंगणा, नागपूर)

नमस्कार. आमच्याकडे तीन संकरित गायी, एक गवळाऊ गाय आणि दोन कालवडी आहेत. होळी झाल्यापासून कानांत, कासेच्या मागे व शेपटीखाली गोचिडी दिसू लागल्या. औषध फवारले की आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. मागील चैत्रात एक कालवड तापाने दगावली, त्यामुळे धास्ती आहे. शिवाय कोठ्यामागे बोअरच्या ओलीवर गाजरगवत कमरेएवढे वाढले आहे. कपाशीचे उरलेले औषध थोडे पाण्यात मिसळून गायींना लावावे, असे शेजारी सुचवतात. ते योग्य आहे काय?

उत्तर (काटोल, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक)

कपाशीचे औषध जनावराच्या अंगाला कदापि लावू नये. ते कातडीतून शोषले जाते, गाय अंग चाटते तेव्हा पोटात जाते, आणि लाळ गळणे, थरथर व धाप यांनी जनावर काही तासांत दगावू शकते. डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ यांसारखे, जनावरांसाठीच बनवलेले औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, पत्रकावरील प्रमाणातच वापरावे.

आता आठ दिवसांच्या गोष्टीकडे येतो. रक्त पिऊन फुगलेली मादी गायीच्या अंगावरून गळून पडते, भिंतीच्या भेगेत किंवा गव्हाणीखाली शिरते आणि तेथे हजारो अंडी घालते. म्हणजे तुम्ही अंगावरच्या गोचिडी मारता, पण पुढची पिढी भिंतीत शाबूत राहते. म्हणून सर्व जनावरे आणि संपूर्ण कोठा एकाच दिवशी फवारावा आणि दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा फवारावा. नागपूरच्या उन्हात हे काम सकाळीच उरकावे. आधी जनावरांना पोटभर पाणी पाजावे, चारा व गव्हाण झाकावी, आणि अंग सुकेपर्यंत त्यांना चाटू देऊ नये.

कालवडीबद्दल वाईट वाटले. संकरित जनावरांना थायलेरिया हा गोचिडींतून पसरणारा रोग फार लवकर घेरतो. खांद्यापुढची गाठ सुजणे, १०४ अंशांहून अधिक ताप आणि डोळ्यांची आतील कड फिकट पडणे ही लक्षणे दिसताच, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ क्रमांकावर फोन करावा. लघवी कॉफीसारखी झाली, तर बबेसिया या गोचिडींमुळेच होणाऱ्या दुसऱ्या रोगाची शंका घ्यावी. थायलेरियाची लस मिळते. कालवडींसाठी तिची विचारपूस अवश्य करा.

उत्तर (कळमेश्वर, गोपालक)

सरांच्या म्हणण्याला माझ्या अनुभवाचा दुजोरा आहे. रात्री टॉर्च घेऊन भिंतीच्या सांध्यांत पाहा. आमच्याकडे विटांच्या एका फटीत एरंडीच्या बियांसारख्या राखाडी गोचिडींची रांगच बसलेली होती. आम्ही फटी खरवडल्या, फ्लेमगन फिरवली, सिमेंटने बुजवल्या आणि वरून चुना दिला. मात्र कुटाराची (सुक्या चाऱ्याच्या भुशाची) गंजी जवळ असेल, तर आग अजिबात वापरू नका.

गाजरगवताचे एकच झाड हजारो बिया टाकते, म्हणून पांढरी फुले येण्यापूर्वीच ओल्या जमिनीतून ते मुळासकट उपटावे, हातमोजे घालून व तोंडाला रुमाल बांधून. बिनफुलाचे गवत खताच्या खड्ड्यात चालते. जनावरांनी ते खाल्ले तर दुधाला कडवटपणा येतो. धुऱ्यावर (बांधावर) पावसाच्या तोंडाशी तरोटा (टाकळा) पेरल्यास गाजरगवताला जागा मिळत नाही. तणनाशक मारलेल्या धुऱ्यावर मात्र काही दिवस चराई बंद ठेवा.

ज्वारीच्या खोडव्याला फुटलेल्या कोवळ्या धांड्यांपासूनही या दिवसांत गायी दूर ठेवा, कारण त्यांत विष असते आणि उपाशी गाय आधी त्यांच्याकडेच धावते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री पाहिले, गव्हाणीमागच्या भेगेत त्या खरोखरच होत्या. रविवारी कोठा रिकामा करून फटी बुजवतो. एक गाय सात महिन्यांची गाभण आहे, तिला फवारणी चालेल का?

उत्तर (काटोल)

तिच्यासाठी औषध डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या आणि त्यांना गाभणपणाचा महिना आधी सांगा. इव्हरमेक्टिन या गोचिडी-जंतांवरच्या औषधाचे इंजेक्शन स्वतःच्या मनाने कोणत्याही गायीला देऊ नका. दुभत्या गायीला एखादे औषध दिलेच, तर तिचे दूध किती दिवस वापरू नये, हेही त्यांच्याकडून लिहून घ्या.