मदत हवी आहे: उपकेंद्रातल्या ताई फिरतीवर आहेत की गैरहजर, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी नागपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यातली आरोग्य उपकेंद्रं बघतेय. आधार आहे चौधरी, हॅमर, क्रेमर, मुरलीधरन आणि रॉजर्स यांचा २००६ चा अभ्यास. विकसनशील देशांत आरोग्य केंद्रांना न कळवता भेटी दिल्या, तेव्हा सरासरी ३५ टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर नव्हते. भारतात ४० टक्के.

माझं अडलंय ते इथे. दाराला कुलूप असतं, पण एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) ताई लसीची पेटी घेऊन शेजारच्या गावात गेलेल्याही असू शकतात. एकेकीकडे कितीतरी गावं. त्यांना सरसकट गैरहजर लिहिणं अन्यायाचं आहे. फिरतीचा कार्यक्रम ताडून पाहिला, तो ऐनवेळी बदलतो. आशाताई सांभाळून बोलतात, आणि ते साहजिकच आहे, रोजचं काम ताईंसोबतच करायचं असतं. आधी फोन करावा तर भेट अचानक राहत नाही.

राजस्थानात उदयपूरला नर्सच्या हजेरीवर देखरेख ठेवण्याच्या प्रयोगात बॅनर्जी, डुफ्लो आणि ग्लेनर्स्टर यांच्यासमोर हा पेच कमी होता. सोमवारी नर्सने केंद्रातच थांबायचं ठरलेलं होतं. तिथेही पुढे हजेरीतून ‘सूट दिलेले दिवस’ वाढले आणि हजेरीतली सुधारणा टिकली नाही.

परवानगी घेतलेली आहे, कुणाचं नाव छापणार नाही. आम्ही दोघी, दुचाकी एक, आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे दिवस) लागायच्या आत काम उरकायचंय. मोबाइलवरून पाळत ठेवणं नको.

आपल्याकडे एएनएमने उपकेंद्रातच थांबायचा असा ठरलेला वार असतो का? नसेल, तर त्या दिवशी ताई गावात होत्या हे नंतर कुठल्या नोंदवहीवरून खात्रीने पडताळता येईल?