पाठीवरची सॅक उघडून तिची गादीची बैठक होते, अशी वस्तू वयस्कर माणसांसाठी घ्यावी का?

मार्कंडेयकाठ (बेळगाव तालुका)

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ७२ आहे आणि आईचे ६७. घरात बसून राहणे दोघांनाही मानवत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे गावोगावी मराठी साहित्य संमेलने भरतात; त्यांपैकी कडोली, येळ्ळूर आणि उचगाव येथे ग्रंथदिंडीपासून शेवटच्या कविसंमेलनापर्यंत हजर राहायचे, हा वडिलांचा नेम आहे. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक ते आजही रात्रभर पाहतात. आई यल्लम्मा देवीच्या दर्शनासाठी सौंदत्तीला जाते, आणि डोंगरावर पौर्णिमेच्या गर्दीत थांबावे लागते ते तासांच्या हिशेबाने.

वडिलांचा उजवा गुडघा गेल्या दोन वर्षांपासून दुखतो. मंडपात खुर्च्या असतात, परंतु दिंडीबरोबर चालत आलेल्या माणसाला त्या मिळतीलच असे नाही, आणि सतरंजीवर मांडी घालून बसले की उठताना दोघांनी हात द्यावा लागतो. मिरवणुकीच्या रात्री दुकानांच्या पायऱ्या संध्याकाळीच भरून जातात. मागच्या वर्षी आम्ही घरची प्लास्टिकची खुर्ची बसमधून नेली; गर्दीत तिचे पाय लोकांना लागत होते आणि वडील संकोचून गेले.

म्हणून पाठीला अडकवायची, आणि उघडली की गादीची बैठक होणारी सॅक घ्यावी असा विचार आहे. मला दोन प्रकार दिसले. एकात घडीच्या पाईपचे स्टूल सॅकलाच जोडलेले असते. दुसऱ्यात पाईप नसतात, सॅकची पाठ जमिनीवर आडवी पसरते आणि पट्ट्यांच्या ताणावर टेकायला पाठ उभी राहते. दुसऱ्या प्रकारची एक स्वस्त सॅक मी आधी मागवली होती. तिसऱ्याच वापरात ताणाच्या पट्टीचे बकल तुटले आणि वडील मागे कलंडले. लागले नाही, पण तेव्हापासून त्यांचा तिच्यावरचा विश्वास उडाला आहे. पुन्हा चूक होऊ नये म्हणून विचारतो: यांपैकी कोणता प्रकार घ्यावा आणि घेताना काय तपासावे?

घाटवाट (खानापूर)

मी पक्षी पाहण्यासाठी जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला वरचेवर जातो, आणि एकाच ठिकाणी तास-दीड तास न हलता बसणे हाच त्या कामाचा मोठा भाग असतो. दोन्ही प्रकारच्या सॅक मी वापरल्या आहेत.

जमिनीवर पसरणारी सॅक हलकी असते आणि कोरड्या दिवसांत ती फार सुखाची आहे. आमच्याकडच्या पावसात मात्र तिचा उपयोग उरत नाही. एक तर जळवा. जमिनीलगत बसलेल्या माणसापर्यंत त्या चटकन पोहोचतात, स्टुलावर बसले की निदान पायांकडे लक्ष ठेवता येते. दुसरी गोष्ट चिखलाची आहे आणि तिचा विचार विकत घेताना कुणी करत नाही. जी बाजू जमिनीवर टेकते तीच बाजू चालताना तुमच्या पाठीला लागत असेल, तर पहिल्या बैठकीनंतर आपल्या तांबड्या मातीचा चिखल सदऱ्यावर आलाच म्हणून समजा. जमिनीकडची बाजू वेगळी, शक्यतो जाड आणि पुसता येईल अशा कापडाची हवी, आणि घडी घातल्यावर ती बाहेरच्या अंगाला यायला हवी.

तिसरे म्हणजे, बसल्यावर आतले सामान कुठे जाते ते पाहा. माझ्या पहिल्या सॅकमध्ये बैठकीची गादी सामानाच्या कप्प्यावरच येत असे, त्यामुळे बसायच्या आधी डबा, पाण्याची बाटली आणि दुर्बीण बाहेर काढून ठेवावी लागे. गर्दीत वयस्कर माणसाला हे जमणार नाही. स्टुलाच्या प्रकारात कप्पा बैठकीखाली लोंबतो, तो सोयीचा. मात्र स्टूल बुटके असेल तर भरलेला कप्पा जमिनीला टेकतो आणि ओला होतो.

ओल्या मातीत स्टुलाचे पाय रुततात, तेही सगळे सारखे नाही. एक पाय जरा जास्त खाली गेला की बैठक तिरकी होते. जांभ्याच्या कातळावर ही अडचण येत नाही. शेताच्या बांधावर किंवा मंडपाबाहेरच्या नांगरलेल्या रानात येते. आडव्या नळीवर उभे राहणारे स्टूल चार सुट्या टोकांवर उभ्या राहणाऱ्या स्टुलापेक्षा कमी रुतते, कारण वजन जास्त जागेवर वाटले जाते.

पाऊलवाट (टिळकवाडी)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दादा, तुमच्या प्रश्नात एक वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, ते म्हणजे ‘उठताना दोघांनी हात द्यावा लागतो’. बाजारात या वस्तूंची जाहिरात गादीच्या मऊपणावर होते. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला त्रास होतो तो उठताना. बैठक जितकी खाली, तितका गुडघा जास्त वाकतो आणि उठताना मांडीच्या स्नायूंना व गुडघ्याच्या सांध्याला तितका जास्त जोर लावावा लागतो. नेहमीच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटीमीटर उंच असते. पाठीवर नेता यावे म्हणून सॅकला जोडलेली बरीचशी स्टुले त्यापेक्षा बरीच बुटकी केलेली असतात, आणि जमिनीवर पसरणारी सॅक म्हणजे उंचीच्या हिशेबाने सतरंजीच. वडिलांसाठी तो प्रकार मी सुचवणार नाही, मग तिची गादी कितीही चांगली असो.

विकत घेण्यापूर्वी घरीच एक चाचणी करा. जिन्याची एक पायरी साधारण १५ ते १७ सेंटीमीटर उंच असते. वडिलांना जिन्याच्या तळाशी, पाय जमिनीवर ठेवून, आधी तिसऱ्या पायरीवर बसवा आणि हातांचा आधार न घेता उठायला सांगा. ते सहज जमले तरच दुसऱ्या पायरीवर बसवून पाहा. तुम्ही शेजारी उभे राहा, घाई करू नका, आणि गुडघा दुखला तर तिथेच थांबा. ज्या उंचीवरून ते सहज उठतील, त्यापेक्षा बुटकी वस्तू घेऊ नये. तीन पायऱ्यांची उंची खुर्चीइतकी होते, दोन पायऱ्यांची साधारण ३०-३४ सेंटीमीटर.

आईंना गुडघ्याचा त्रास नसेल, तर त्यांचा विचार वेगळा करता येईल. एकच वस्तू दोघांना चालली पाहिजे असा आग्रह धरू नका.

आणखी एक. कापडाच्या झोळीसारख्या बैठकीत माणूस मधोमध खचतो आणि पुढची नळी मांडीखाली रुतते. अर्ध्या तासात पायांना मुंग्या येतात. बैठकीचे कापड ताणलेले हवे, आणि पुढच्या नळीवरून गादी खाली वळलेली हवी.

नवारपट्टी (शहापूर)

मी २६ वर्षे सॅक, दप्तरे आणि प्रवासी बॅगा शिवतो. तुटलेली बकले आणि उसवलेल्या पट्ट्या रोज माझ्यासमोर येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या सॅकचे बकल तुटले, त्यात वडिलांचा काही दोष नाही. पाठीला टेकून बसणाऱ्या माणसाचा सगळा रेटा त्या दोन पट्ट्यांवर येतो, आणि माणूस अलगद न टेकता एकदम टेकला तर तो रेटा क्षणभर फार वाढतो. अशा ठिकाणी पातळ प्लास्टिकचे, दाबून सोडायचे बकल लावणे चूकच आहे. तिथे पट्टी दुहेरी ओवून धरणारी लोखंडी कडी पाहिजे. पट्टी कापडाला जिथे जोडली आहे तिथेही पाहा: एक सरळ टाका असेल तर ती उसवणार. चौकोन आणि त्यात फुली, अशी शिलाई असेल आणि आतून कापडाचा दुसरा तुकडा लावलेला असेल, तर ती टिकते. दुकानात सॅक उलटी करून अस्तराच्या बाजूने बघा; बाहेरची शिलाई सगळेच देखणी करतात.

फोमविषयी. गादीवाल्याकडे ३२ किंवा ४० डेन्सिटीचा फोम मिळतो. तो आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतले वजन. आकडा मोठा तितका तो सहसा जास्त दिवस तग धरतो. हा साधा मऊ फोम पाणी शोषतो, कारण त्याची छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात. एकदा पावसात भिजला की आपल्या पावसाळी हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही आणि मग वास येतो. योगासनाच्या चटईसारखा, बंद छिद्रांचा फोम पाणी शोषत नाही, पण तो कडक लागतो. मी गिऱ्हाइकाला दोन्ही मिळून बसवून देतो: खाली १० मिलिमीटर बंद छिद्रांचा, वर २५ मिलिमीटर ४० डेन्सिटीचा, आणि खोळीला चेन, म्हणजे फोम काढून खोळ धुता येते. अंगठ्याने दाबून फोम पारखू नका. त्यावर दहा मिनिटे बसा आणि बूड खालच्या फळीला किंवा कापडाला लागते का ते पाहा.

पाईपच्या बाबतीत, त्याच मापाचा ॲल्युमिनिअमचा पाईप लोखंडी पाईपच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाचा असतो. हलका म्हणून तो चांगला, पण वाकला की सरळ करायच्या नादात मोडतो. लोखंडी पाईप आपल्याकडे कोणीही वेल्डिंग करून देईल. पाय जिथे एकमेकांना छेदतात तिथे रिव्हेट आहे की नटबोल्ट ते पाहा. रिव्हेट सैल झाले की कापून काढावे लागते; नटबोल्ट घरी पाना घेऊन आवळता येतो.

आता माझे स्पष्ट मत सांगतो, धंद्याचे नुकसान झाले तरी चालेल. खुर्चीइतक्या उंचीचे स्टूल सॅकला कायमचे जोडले, तर ती सॅक उंच आणि जड होते, आणि ७२ वर्षांच्या माणसाच्या पाठीवर ते ओझे देणे बरोबर नाही. ती तुम्ही उचलणार असाल तरच घ्या.

मार्कंडेयकाठ (बेळगाव तालुका)

तिघांचेही मनापासून आभार. ताई, काल संध्याकाळी जिन्यावरची चाचणी केली. तिसऱ्या पायरीवरून वडील हात न लावता उठले. दुसऱ्या पायरीवरून कठड्याला धरावे लागले, तेव्हा तिथेच थांबलो. आई मात्र दुसरीवरून सहज उठली आणि पहिलीवरही बसून दाखवते म्हणाली.

म्हणजे मी निवडून ठेवलेली सॅक वडिलांच्या कामाची नाही हे कळले. तिच्या बैठकीची उंची जाहिरातीत बारीक अक्षरांत ३० सेंटीमीटर दिली आहे. मी इतके दिवस वजन, रंग आणि कप्पेच पाहत होतो. काका, आमच्या घरी ४४ सेंटीमीटर उंचीचे, आडव्या नळीवर उभे राहणारे घडीचे लोखंडी स्टूल पडून आहे. त्याला सॅक जोडता येईल का? चालताना ते मीच पाठीवर घेईन.

नवारपट्टी (शहापूर)

येईल. परंतु कायमची जोडू नका. स्टूल घडी करून आत सरकवता येईल अशी उभी खोळ मी सॅकच्या पाठीमागे शिवून देतो, वर झाकण आणि दोन्ही बाजूंना आवळायच्या नवार पट्ट्या. बैठकीची गादी स्टुलावर खोबणीने बसेल आणि चालताना तीच तुमच्या पाठीला टेकेल, म्हणजे लोखंडाची नळी मणक्याला लागणार नाही. घाटवाटदादांनी सांगितलेली चिखलाची अडचणही राहत नाही, कारण या रचनेत गादी जमिनीला टेकतच नाही. खांद्याच्या पट्ट्या रुंद करू आणि कमरेला एक पट्टा लावू, म्हणजे भार सगळा खांद्यांवर येणार नाही.

स्टूल घेऊन या, म्हणजे माप नीट घेता येईल. त्याच्या बुडाच्या नळीला रबरी टोपणे आहेत का ते आधी पाहा. नसतील तर मंडपातल्या फरशीवर ते सरकेल. आईंसाठी तुम्ही निवडलेली ३० सेंटीमीटरची सॅक चालेल, ती आणलीत तर तिच्या पट्ट्यांची शिलाई मी पक्की करून देतो.

पाऊलवाट (टिळकवाडी)

काकांची रचना मला पटली. वडिलांना एवढेच सांगा की मिरवणुकीत दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकायची, आणि उठताना आधी दोन्ही पाय बैठकीच्या जवळ ओढून घ्यायचे, मग पुढे झुकून उभे राहायचे. पाय लांब पसरून उठू नये. या स्टुलाला पाठ नाही, त्यामुळे शक्य असेल तेव्हा ते भिंतीला किंवा बंद दुकानाच्या शटरला लागून ठेवा.

मार्कंडेयकाठ (बेळगाव तालुका)

आताच स्टूल माळ्यावरून काढले. चारपैकी दोन टोपणे गळून गेली आहेत, नटबोल्ट मात्र शाबूत आहेत. शनिवारी बाजाराला येताना स्टूल आणि वडील दोघांनाही घेऊन येतो. गादीवर दहा मिनिटे त्यांनीच बसून पाहावे.